वैद्यकीय शब्दांची फोड कशी करायची: मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी

दहावी-बारावीपर्यंत मराठीत शिकून नर्सिंगला, डीएमएलटीला, फार्मसीला किंवा थेट एमबीबीएसला गेलेल्या आपल्या खान्देशातल्या मुलामुलींची पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त दमछाक शब्दांमुळे होते. विषय समजतो, शिक्षक काय सांगतात तेही कळतं, पण ‘थ्रॉम्बोसायटोपेनिया’सारखा शब्द आला की हात थांबतो. मग मुलं पाठांतर करतात. दोनशे शब्द पाठ होतात, पुढचे दोनशे आले की आधीचे विसरतात.

हे शब्द पाठ करायचेच नसतात. ते जोडून तयार केलेले असतात, तेव्हा सोडवून वाचायचे असतात. ज्याने शाळेत संधी सोडवली आहे, समासाचा विग्रह केला आहे, उपसर्ग आणि प्रत्यय ओळखले आहेत, त्याला हे काम इंग्रजी माध्यमाच्या मुलापेक्षा अवघड जायचं कारण नाही. उलट आपल्या हाताशी संस्कृत-मराठीचा जो शब्दसाठा आहे, तो इथे फार उपयोगी पडतो. कसा, ते पुढे येईलच.

हा लेख विद्यार्थ्यांसाठी आहे, आशाताईंसाठी आहे, आणि घरातल्या माणसाचा सोनोग्राफीचा किंवा रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या कुणासाठीही आहे.

आधी शेवट पाहा

वैद्यकीय शब्द शेवटाकडून वाचायचा. शब्दाचा शेवटचा तुकडा म्हणजे प्रत्यय, आणि काय झालं आहे किंवा काय केलं आहे ते तोच सांगतो. थोडेच प्रत्यय नीट आले तरी रोजच्या रिपोर्टमधला मोठा भाग उलगडतो.

‘आयटिस’ म्हणजे दाह, सूज: अपेंडिसायटिस, टॉन्सिलायटिस, हेपेटायटिस, आर्थ्रायटिस. ‘अल्जिया’ म्हणजे वेदना: मायाल्जिया ही स्नायूंची, न्युराल्जिया ही मज्जातंतूंची. ‘मेगली’ म्हणजे अवयव मोठा होणं: हेपॅटोमेगली म्हणजे यकृत वाढलेलं. ‘पॅथी’ म्हणजे विकार. मधुमेहींच्या कागदावर दिसणारे न्युरोपॅथी आणि रेटिनोपॅथी यातलेच. ‘पेनिया’ म्हणजे तूट. ‘एमिया’ हा प्रत्यय हैमा, म्हणजे रक्त, या ग्रीक शब्दापासून आला. तो दिसला की गोष्ट रक्तातली आहे. ‘युरिया’ असेल तर लघवीतली: हिमॅच्युरिया म्हणजे लघवीतून रक्त, प्रोटिन्युरिया म्हणजे लघवीतून प्रथिनं.

शस्त्रक्रियांचे तीन प्रत्यय मात्र एकत्र मांडूनच शिका, कारण कानाला ते सारखे वाटतात आणि अर्थ अगदी वेगळे आहेत. ‘एक्टॉमी’ म्हणजे कापून बाहेर काढणं: अपेंडेक्टॉमी, हिस्टरेक्टॉमी (गर्भाशय काढणं). ‘ऑटॉमी’ म्हणजे नुसता छेद देणं: लॅपरॉटॉमी म्हणजे पोट उघडणं. ‘ऑस्टॉमी’ म्हणजे नवं तोंड तयार करणं: कोलॉस्टॉमीत मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर काढतात. स्टोमा म्हणजे ग्रीकमध्ये तोंड. पानांच्या सूक्ष्म छिद्रांना वनस्पतिशास्त्रात स्टोमॅटा म्हणतात तेही यावरूनच.

‘ओमा’ हा प्रत्यय घरोघरी विनाकारण घाबरवतो. तो गाठीचा, वाढीचा प्रत्यय आहे, एकट्या कॅन्सरचा नाही. लायपोमा ही चरबीची साधी गाठ. हिमॅटोमा म्हणजे मार लागून साकळलेलं रक्त. ग्लॉकोमात तर गाठ नसतेच, तो काचबिंदू. कार्सिनोमा आणि सार्कोमा हे शब्द मात्र कॅन्सरचेच. म्हणून नुसता ‘ओमा’ पाहून घरात रडारड सुरू करू नये. त्याच्या आधीचा तुकडा वाचावा.

मग सुरुवात, आणि शेवटी मधला भाग

प्रत्यय कळला की शब्दाच्या सुरुवातीला या. तिथे उपसर्ग असतो: किती, कुठे, कसं. हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी. टॅकी म्हणजे वेगात, ब्रॅडी म्हणजे सावकाश. पॉली म्हणजे पुष्कळ, ऑलिगो म्हणजे थोडं. मधे उरतो तो मूळ शब्द, बहुतेक वेळा अवयवाचं किंवा पदार्थाचं नाव. दोन तुकडे जोडताना मधे ‘ओ’ येतो, तो उच्चार सोपा व्हावा म्हणून. त्याला स्वतःचा अर्थ नाही. गॅस्ट्र आणि एन्टर यांच्यामध्ये ‘ओ’ घातला की गॅस्ट्रोएन्टरायटिस होतं: जठर, आतडं, दाह.

आता हायपोग्लायसेमिया घ्या. शेवटी एमिया: रक्तात. सुरुवातीला हायपो: कमी. मधे ग्लायक: गोड, साखर. रक्तातली साखर कमी. यात एक अक्षर बदलून हायपर झालं तर उपाय उलटा होतो; एकात साखर द्यायची असते, दुसऱ्यात ती कमी करायची असते. वॉर्डात हा शब्द ऐकताना शंका आली तर पुन्हा विचारा, त्यात कमीपणा नाही.

रक्ताच्या रिपोर्टवर आपल्याकडे वारंवार येणारी ओळ म्हणजे ‘मायक्रोसायटिक हायपोक्रोमिक अनिमिया’. तीन शब्दांना घाबरायचं नाही. मायक्रो म्हणजे लहान, साइट म्हणजे पेशी; हायपो म्हणजे कमी, क्रोम म्हणजे रंग; अन् म्हणजे नाही, एमिया रक्त. पेशी लहान, रंग फिका, रक्त अपुरं. लोह कमी पडलं की हेच चित्र दिसतं. लोहाची कमतरता हे या ओळीमागचं सर्वांत जास्त आढळणारं कारण, पण एकमेव नव्हे. थॅलसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारातही पेशी अशाच लहान आणि फिक्या दिसतात. म्हणून ओळ वाचून स्वतःच लोहाच्या गोळ्या चालू करू नयेत.

एकाच अवयवाला दोन नावं का

इथे नवा विद्यार्थी गोंधळतो. मूत्रपिंडाच्या दाहाला नेफ्रायटिस म्हणायचं, पण मूत्रपिंडाच्या धमनीला रीनल आर्टरी. फुप्फुसाचा आजार न्युमोनिया, पण फुप्फुसाचा क्षय पल्मोनरी टीबी. त्वचारोगतज्ज्ञ डर्मटॉलॉजिस्ट, पण त्वचेखाली द्यायचं इंजेक्शन सबक्युटेनियस.

कारण असं की हे शास्त्र दोन भाषांमधून आलं. हिपोक्रेटिस आणि गॅलन या प्राचीन ग्रीक वैद्यांच्या परंपरेचे ग्रंथ ग्रीकमध्ये होते, त्यामुळे रोगांची, लक्षणांची आणि शस्त्रक्रियांची नावं मोठ्या प्रमाणावर ग्रीक राहिली. पुढे युरोपातल्या विद्यापीठांची भाषा लॅटिन झाली. वेसालियसचा शरीररचनेवरचा ग्रंथ १५४३ मध्ये लॅटिनमध्येच छापला गेला, आणि अवयवांची, हाडांची, शिरांची नावं लॅटिनमध्ये स्थिरावली. म्हणून ढोबळ नियम असा ठेवा: रोग आणि शस्त्रक्रिया ग्रीक, अवयव आणि त्यांचे भाग लॅटिन. अपवाद खूप आहेत, पण जोड्या करून ठेवल्या की चूक होत नाही. नेफ्र आणि रेन मूत्रपिंड, कार्डिया आणि कोर हृदय, न्युमोन आणि पल्मो फुप्फुस, डर्म आणि क्युटिस त्वचा, ओडोन्ट आणि डेन्ट दात, ऑफ्थाल्म आणि ऑक्युल डोळा.

आपल्या घरातलेच शब्द

ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत या एकाच भाषाकुळातल्या बहिणी आहेत. कलकत्त्यात विल्यम जोन्सने १७८६ मध्ये ही गोष्ट जाहीरपणे मांडली, आणि पुढच्या भाषाशास्त्रज्ञांनी ती नियमांनी सिद्ध केली. मराठी विद्यार्थ्याला याचा थेट फायदा आहे, आणि मला नेहमी वाटतं की नर्सिंगच्या पहिल्या आठवड्यात हाच तास व्हायला हवा.

दंत आणि डेन्टल. अस्थी आणि ऑस्टिओ. नासिका आणि नेझल. नाभी आणि अंबिलिकल, म्हणजे बेंबीचं. पाद आणि पोडो, पेडल. जानु, म्हणजे गुडघा, आणि लॅटिन जेनु. गुडघे आत वळलेले असले की जेनु व्हाल्गम लिहितात. यकृत आणि ग्रीक हेपार वरून वेगळे दिसतात, पण मूळ एकच. प्लीहा आणि स्प्लीनही तसेच. नख आणि ग्रीक ओनिक्स: नखांच्या बुरशीला ओनिकोमायकोसिस म्हणतात.

विष आणि व्हायरस हेही सख्खे. लॅटिनमध्ये व्हायरसचा अर्थ विषच होता, आणि मराठीत आपण विषाणू म्हणतो. ‘ज्ञा’ धातू डायग्नोसिस आणि प्रोग्नोसिसमध्ये आहे. ‘जन्’ धातू जेनेटिक्समध्ये आहे. जीनसाठी मराठीने जनुक हा शब्द घडवला तोही त्याच धातूवरून. तन्, ताण, तणाव आणि टेन्शन: हायपरटेन्शनमध्ये तोच ताण आहे, रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरचा. रुधिर आणि एरिथ्रो, दोन्हींत लाल रंग. एरिथ्रोसाइट म्हणजे लाल पेशी.

घर्म या संस्कृत शब्दाचं मराठीत घाम झालं. त्याचाच ग्रीक भाऊ थर्मोस. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा उष्माघाताच्या रुग्णाच्या कागदावर हायपरथर्मिया लिहिलेलं असतं. हायपरला ‘उपरि’ची आठवण ठेवा, हायपोला ‘उप’ची, ती नातीसुद्धा खरी आहेत.

उपसर्गांत तर ही मदत आणखी मोठी. ग्रीकमध्ये नकार दाखवायला ‘अ’ लागतो आणि पुढे स्वर आला तर ‘अन्’. अगदी आपल्यासारखं: अशक्त, पण अनादर. म्हणून अप्लेझिया (वाढ न होणं), पण अन्युरिया (लघवी न होणं). ‘डिस’ म्हणजे आपला दुस्-दुर्. दुष्काळ, दुर्गंध, तसं डिस्प्निया म्हणजे श्वास घ्यायला त्रास, डिसयुरिया म्हणजे लघवीला त्रास. ‘पेरि’ म्हणजे परि: परिघ, परिसर, तसं पेरिकार्डियम, हृदयाभोवतीचं आवरण. ‘इंटर’ म्हणजे आंतर. ‘होमो’ म्हणजे सम.

एक सावधगिरी. दोन शब्द सारखे वाजले म्हणून नातं जुळत नाही. ग्रीक थिओस आणि आपला देव यांचा संबंध नाही, असं भाषाशास्त्रज्ञ सांगतात. खात्रीचं नातं असेल तेवढंच वहीत लिहा.

नातं नसतानाही दोन समाज एकसारखं कसं पाहतात, याचं उदाहरण म्हणजे मसल. मुस्क्युलस म्हणजे लॅटिनमध्ये छोटा उंदीर. दंड आवळला की कातडीखाली उंदीर सरकल्यासारखा वाटला म्हणून. मराठी माणसाला त्याच जागी बेडूक दिसला आणि आपण दंडाची बेडकुळी म्हणू लागलो.

सिकलसेलचा कागद, तुकड्या-तुकड्याने

सातपुड्याच्या पट्ट्यात, धडगाव, अक्कलकुवा, तळोदा इथल्या भिल्ल आणि पावरा कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा शब्द माहीत आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं, तपासण्या वाढल्या, आणि घराघरांत कागद आले. त्या कागदावरचे शब्द मात्र कुणी फोडून सांगत नाही. म्हणून इथे जरा थांबू.

सिकल म्हणजे विळा, हा इंग्रजी शब्द. शिकागोत १९१० मध्ये जेम्स हेरिक या डॉक्टरने रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या लाल पेशी दिसल्याचं प्रसिद्ध केलं, त्या आकारावरून हे नाव. जुन्या पुस्तकांत ड्रेपॅनोसायटोसिसही मिळेल. ड्रेपॅनॉन म्हणजे ग्रीक विळा.

‘हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस’: इलेक्ट्रो वीज, फोरेसिस वाहून नेणं. विजेच्या जोरावर हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळ्या वेगाने सरकतात आणि ओळखू येतात. या फोरेसिसचा धातू आणि आपल्या ‘भार’मधला धातू एकच आहे.

‘हेटेरोझायगस, एएस’: हेटेरो म्हणजे वेगळा, झायगॉन म्हणजे जू. बैलांच्या मानेवरचं जू, तोच शब्द. संस्कृत युग, लॅटिन इयुगुम आणि ग्रीक झायगॉन हे एकाच घरातले. आईकडून एक जनुक, बापाकडून एक, अशी जोडी एका जुवाला जुंपलेली. दोन्ही वेगळे असतील, एक साधा आणि एक सिकलचा, तर हेटेरोझायगस. असा माणूस वाहक असतो, सहसा आजारी नसतो. दोन्ही सिकलचे असतील तर होमोझायगस, एसएस, म्हणजे रुग्ण. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के असते. झायगॉन हा एक तुकडा समजला की लग्नाआधी तपासणी का करायची हे समजावून सांगणं आशाताईला सोपं जातं.

‘स्प्लेनोमेगली’: प्लीहा वाढलेली. लहान मुलांत हे दिसतं. पुढे काही रुग्णांच्या कागदावर ‘ऑटोस्प्लेनेक्टॉमी’ येतं. ऑटो म्हणजे स्वतः, स्प्लेन प्लीहा, एक्टॉमी काढून टाकणं. नातेवाईक विचारतात, ऑपरेशन तर झालंच नाही, मग काढली कधी? शस्त्रक्रिया झालेली नसते. रक्तवाहिन्या वारंवार तुंबून प्लीहा आपोआप आक्रसते आणि निकामी होते, म्हणून ‘ऑटो’. अशा मुलाला जंतुसंसर्ग लवकर आणि जोरात होतो, तेव्हा ताप आला तर घरी थांबायचं नाही. ‘व्हासो-ऑक्लुसिव्ह क्रायसिस’मध्ये व्हास म्हणजे वाहिनी आणि ऑक्लुड म्हणजे बंद करणं. हाडं, पोट, छाती दुखून मूल तळमळतं तो हाच प्रसंग.

याच डोंगरात हिवतापही आहे, आणि त्याच्या घातक परजीवीचं नाव प्लाझ्मोडियम फाल्सिपॅरम. लॅटिन फाल्क्स म्हणजे पुन्हा विळाच! या परजीवीची एक अवस्था सूक्ष्मदर्शकाखाली चंद्रकोरीसारखी वाकडी दिसते म्हणून ‘विळा धारण करणारा’ अशा अर्थाचं हे नाव. दोन विळ्यांचा संबंध नावापुरताच नाही. सिकलच्या वाहकांना फाल्सिपॅरम मलेरियाच्या गंभीर स्वरूपापासून काही संरक्षण मिळतं, हे अँथनी अॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या कामातून दाखवलं. हिवतापाच्या प्रदेशांत हे जनुक पिढ्यान्पिढ्या टिकून राहिलं ते यामुळे.

चिठ्ठीवरची लॅटिन अक्षरं

मेडिकलवर दिलेल्या चिठ्ठीत आजही लॅटिन जिवंत आहे. वरच्या कोपऱ्यातलं आरएक्स म्हणजे रेसिपे, ‘घे’. तो औषध तयार करणाऱ्याला दिलेला आदेश. ओडी म्हणजे ओम्नी डिए, रोज एकदा. बीडी म्हणजे बिस इन डिए, दिवसातून दोनदा. टीडीएस तीनदा (त्यातला टी म्हणजे टेर), क्यूआयडी चारदा. डिए आणि आपला दिवस, बिस आणि द्विः, टेर आणि त्रिः ही नाती उघड आहेत. एसी म्हणजे अँटे सिबुम, जेवणाआधी. पीसी म्हणजे पोस्ट सिबुम, जेवणानंतर. एचएस म्हणजे होरा सोम्नी, झोपायच्या वेळी. सोम्नुस आणि स्वप्न एकच. स्टॅट म्हणजे स्टाटिम, लगेच. एसओएस हा जहाजाचा संकटसंदेश नव्हे; ‘सी ओपुस सिट’, म्हणजे गरज पडली तर. त्यामुळे एसओएस लिहिलेली तापाची गोळी ताप नसताना रोज घ्यायची नसते.

डोळ्यांच्या कागदावर मात्र ओडीचा अर्थ बदलतो. तिथे ते ऑक्युलस डेक्स्टर, उजवा डोळा. ओएस म्हणजे डावा. थेंबांच्या बाटलीबाबत शंका आली तर चिठ्ठी लिहिणाऱ्यालाच विचारा.

क्षारांच्या तपासणीतली अक्षरंही अशीच. सोडियमला एनए, कारण नेट्रियम; पोटॅशियमला के, कारण कॅलियम. म्हणून सोडियम कमी झालं की हायपोनेट्रेमिया, पोटॅशियम वाढलं की हायपरकॅलेमिया. लोह एफई, फेरम. जळगावच्या सराफातलं सोनं एयू, ऑरम. चांदी एजी, अर्जेन्टम, आणि त्याचं नातं आपल्या रजताशी.

मुतखड्याचा रिपोर्ट

उन्हात राबणं आणि पाणी कमी पिणं यामुळे आपल्याकडे मुतखडा घरोघरी परिचयाचा. सोनोग्राफीच्या कागदावर तो ‘रीनल कॅल्क्युलस’ होतो. कॅल्क्युलस म्हणजे लॅटिनमध्ये छोटा खडा. रोमन लोक खडे मांडून हिशेब करत, म्हणून गणिताच्या एका शाखेलाही तेच नाव पडलं. ‘नेफ्रोलिथिआसिस’मध्ये लिथोस म्हणजे दगड. ‘लिथोट्रिप्सी’ म्हणजे दगड फोडणं. ‘हायड्रोनेफ्रोसिस’ दिसलं तर लक्ष द्या: हायड्रो पाणी, नेफ्र मूत्रपिंड, लघवीची वाट अडल्याने मूत्रपिंड फुगलेलं आहे. खडा लहान असला तरी हा शब्द असेल तर डॉक्टरकडे पुन्हा जाणं टाळू नये. ‘युरेटर’ आणि ‘युरेथ्रा’ यांत गल्लत करू नका. पहिली नळी मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत, दुसरी मूत्राशयापासून बाहेर.

असाच धोका इलियममध्ये आहे, आणि तो देवनागरीत लिहिणाऱ्यांना जास्त. कमरेचं हाड आणि लहान आतड्याचा शेवटचा भाग, दोन्ही आपण ‘इलियम’च लिहितो. इंग्रजी स्पेलिंगमधलं तिसरं अक्षर पाहा: ‘आय’ असेल तर हाड, ‘ई’ असेल तर आतडं. ‘मायलो’लाही दोन अर्थ आहेत, अस्थिमज्जा आणि मज्जारज्जू. पोलिओमायलायटिसमध्ये तो मज्जारज्जू आहे, आणि पोलिओस म्हणजे करडा; रज्जूमधल्या करड्या भागाचा दाह.

शेतातली लॅटिन

वनस्पती आणि प्राण्यांची दोन शब्दांची नावं लिनियसने रूढ केली. वनस्पतींसाठी १७५३ आणि प्राण्यांसाठी १७५८ ही वर्षं आधार मानतात. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा, आणि दुसरा बहुधा वर्णन करतो. बीटी कापूस हा गॉसिपियम हिर्सुटम, म्हणजे केसाळ. बायकांच्या चेहऱ्यावर जास्त केस येतात त्या विकाराला हिर्सुटिझम म्हणतात, शब्द तोच. देशी कापूस गॉसिपियम आर्बोरियम, झाडासारखा. नंदुरबारची मिरची कॅप्सिकम अॅन्युअम, वर्षाची. लसूण अॅलियम सॅटिव्हम, आणि सॅटिव्हम म्हणजे पेरलेला, लागवडीचा. भाताच्या ओरायझा सॅटिव्हामध्येही तेच. नागाचं नाव नाजा नाजा, आणि ते आपल्या नागावरूनच गेलं आहे. कळण्याच्या भाकरीतला उडीद मात्र विग्ना मुंगो, आणि मूग विग्ना रेडिएटा. नावात मुंगो आहे म्हणून तो मूग समजू नका. परीक्षेत हे हमखास चुकतं.

मूळ अर्थ म्हणजे व्याख्या नव्हे

फोड करायची सवय लागली की उत्साहाच्या भरात एक चूक होते: शब्दाचा जुना अर्थ हाच आजचा अर्थ धरला जातो. आर्टरी या शब्दामागे हवेची कल्पना आहे. मृतदेहाच्या धमन्या रिकाम्या दिसत म्हणून प्राचीन ग्रीक वैद्यांना वाटलं, यांतून हवा वाहते. त्यांत रक्त असतं हे गॅलनने दाखवलं, नाव मात्र राहिलं. ऑक्सिजन म्हणजे आम्ल घडवणारा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएला वाटत होतं की प्रत्येक आम्लात तो असतोच, आणि ते चूक निघालं. मलेरिया म्हणजे इटालियनमध्ये वाईट हवा. ऑर्थोपेडिक म्हणजे मूळात ‘मूल सरळ करणं’. निकोला आंद्री यांनी १७४१ मध्ये मुलांच्या व्यंगांसाठी हा शब्द घडवला. त्यातल्या ‘पेड’चा पायाशी संबंध नाही, तो ग्रीक मुलाचा.

काही शब्द फुटतच नाहीत. पार्किन्सन, अल्झायमर ही माणसांची नावं; एड्स हे आद्याक्षरांचं. त्यांच्यावर वेळ घालवू नका.

याउलट मधुमेहासारखी जागा आली की थांबून पाहावं. डायबेटिस म्हणजे ग्रीकमध्ये आरपार वाहून जाणारा, मेलिटस म्हणजे लॅटिनमध्ये मधाचा. आपल्याकडे सुश्रुतसंहितेपासून मधुमेह; मधु म्हणजे मध, मेह म्हणजे लघवी. लघवीला जाण्यासाठी मिक्च्युरिशन हा जो शब्द केसपेपरवर असतो, त्याचा धातू आणि ‘मेह’चा धातू एकच. इन्सुलिनमधलं इन्सुला म्हणजे बेट. स्वादुपिंडातले पेशींचे पुंजके लँगरहान्सने १८६९ मध्ये पाहिले, त्यांना पुढे ‘बेटं’ म्हटलं गेलं, आणि तिथे तयार होणारा पदार्थ म्हणून इन्सुलिन.

वही कशी ठेवायची

शब्दांची यादी करू नका, तुकड्यांची करा. वहीच्या मागच्या बाजूला प्रत्यय, पुढच्या बाजूला उपसर्ग, आणि मधल्या पानांवर एका तुकड्याला एक पान. ‘नेफ्र’च्या पानावर नेफ्रायटिस, नेफ्रोपॅथी, नेफ्रेक्टॉमी, नेफ्रॉन जसजसे भेटतील तसे लिहा. समोर मराठी शब्द लिहा, आणि घरी अहिराणी बोलत असाल तर तोही. “पोटमा दुखस” म्हणत आलेल्या आजीला तिच्याच बोलीत समजावणं हाही या कामाचा भाग आहे. मराठी प्रतिशब्दांसाठी राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश उपयोगी पडतात.

उच्चारासाठी स्पेलिंगच्या तीन-चार खुणा पुरे. सुरुवातीला पीएस किंवा पीएन असेल तर ‘प’ गप्प: सायकॉलॉजी, न्युमोनिया. ग्रीक शब्दांत सीएच म्हणजे ‘क’: कोलेरा, क्रॉनिक. सुरुवातीचा एक्स म्हणजे ‘झ’: झेरोसिस. अनेकवचनं लॅटिन-ग्रीक पद्धतीची: एक बॅक्टेरियम, अनेक बॅक्टेरिया, एक फंगस, अनेक फंगाय, एक डायग्नोसिस, अनेक डायग्नोसीस.

रोज एखादा खरा रिपोर्ट किंवा पाठ्यपुस्तकाचं एक पान घ्या, शब्दांखाली रेघा ओढा, आणि शब्दकोश उघडण्याआधी स्वतःचा अर्थ पेन्सिलने लिहा. चुकला तर खोडू नका, शेजारी बरोबर अर्थ लिहा. सुरुवात म्हणून हे घ्या: पेरिकार्डायटिस, थ्रॉम्बोसायटोपेनिया, ऑस्टिओमायलायटिस, हायपोनेट्रेमिया, कोलेसिस्टेक्टॉमी. दोन तुकडे वर आलेले नाहीत, ते देतो: थ्रॉम्बो म्हणजे रक्ताची गुठळी, आणि कोलेसिस्ट म्हणजे पित्ताची पिशवी. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट कमी झाल्या की कागदावर यातला कोणता शब्द असतो, तो आधी शोधा.